ठासणीची बंदूक, दोन कायदे आणि भाताची राखण

"दादा, स्वस्तातली, बारीक नळीची ठासणीची बंदूक घ्यायची तर कुठली घ्यावी? ससा, रानकोंबडा एवढ्यापुरतीच. मोठं जनावर नको."

प्रश्न विचारणारा मुलगा कुडाळकडचा. दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन परीक्षेची तयारी करतो. घरी भात आहे, काजू आहे, थोडी नारळ-सुपारी आहे. आजोबांच्या नावावर पीकसंरक्षणाची बंदूक होती, ती आजोबा गेल्यावर पोलीस ठाण्यात जमा झाली. मोबाइलवर तो अमेरिकेतल्या खारीच्या शिकारीच्या चित्रफिती बघतो. तिथली सडपातळ, लांब नळीची रायफल, तिचा तो हलका बार आणि धुराचा ढग त्याच्या डोक्यात बसला आहे. प्रश्न त्यानं मनापासून विचारला होता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. त्याच्यासारखाच विचार करणारी तरुण मुलं कोकणात गावोगाव आहेत. त्यांतली काही बेकायदा शिकारीच्या गुन्ह्यात अडकतात आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर त्यांची बातमी येते.

मुनिरका हे मुळात टोकस जाटांचं शेतकरी गाव. रामकृष्णपुरम, वसंत विहार आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ उभं राहताना या गावाची शेतजमीन संपादनात गेली. विद्यापीठ १९६९ सालचं. आज गावाच्या बोळांत पाच-पाच मजली इमारती आहेत, रामा मार्केट आहे, देशभरातून आलेली भाडेकरू मुलं आहेत आणि खालून मेट्रो जाते. शेत मात्र नाही. विद्यापीठाच्या आवारातल्या झाडीत नीलगायी अजून फिरतात, आणि त्यांना हाकलायला पिकाचा मालक उरलेला नाही. दिल्लीच्या याच अरवलीच्या कड्यावर चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकानं शिकारीचे महाल बांधले. मालचा महाल आणि भूली भटियारीचा महाल ही त्यांतली दोन नावं. शिकार हा तेव्हा सुलतानाचा अधिकार होता. आज ती कोणाचाच अधिकार नाही. हा बदल ज्या संसदेनं केला ती मुनिरक्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. तिथेच वेगवेगळ्या वर्षी झालेल्या दोन कायद्यांच्या मध्ये कोकणातली ठासणीची बंदूक अडकली आहे.

आधी त्या अमेरिकन बंदुकीचं बोलू, कारण प्रश्न तिथूनच आला. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची, आत आटे पाडलेली रायफल घडवली. पुढे रानाच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्यांनी तिचाच बारीक नळीचा प्रकार खारी आणि सशांसाठी वापरला. बारीक नळीमागे हिशेब होता. शिसं आणि दारू दोन्ही लांबून विकत आणावी लागत. नळीचं माप .५० इंच असेल तर गोल गोळीचं वजन सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. एका पौंडात अशा गोळ्या चाळीसच्या आत होतात. तेच माप .३२ असेल तर गोळी सुमारे ४५ ग्रेनची, तीन ग्रॅमच्या आतली, आणि त्याच पौंडभर शिशाच्या दीडशेहून जास्त गोळ्या ओतता येतात. दारू वीस-तीस ग्रेनमध्ये भागते. आवाज कमी, धक्का कमी, आणि खारीच्या मांसाचा चेंदामेंदा होत नाही. .३६ ची गोळी पासष्ट ग्रेनच्या आसपास जाते, ती वाऱ्यात जरा स्थिर राहते, सफाईलाही सोपी. म्हणून तिथला नवखा माणूस .३२ आणि .३६ यांत घुटमळतो. आजही तिथे 'क्रॉकेट' नावाची .३२ ची ठासणीची रायफल तुलनेनं कमी किमतीत मिळते, इटलीतली पेडरसोली कंपनी महागड्या प्रतिकृती बनवते. १९६८ च्या तिथल्या संघराज्य कायद्यानुसार अशा जुन्या घडणीच्या बंदुका 'फायरआर्म'च्या व्याख्येतच येत नाहीत. बऱ्याच राज्यांत त्या टपालानं घरी येतात. वर खारीचा आणि सशाचा हंगाम सरकार स्वतः जाहीर करतं.

एवढं सगळं जुळलं की .३२ घ्यावी की .३६ या प्रश्नाला अर्थ येतो. आपल्याकडे यातलं एकही जुळत नाही. आटे पाडलेली नळी म्हणजे रायफल, आणि पीकसंरक्षणासाठी कायद्यानं जी ठासणीची बंदूक सांगितली आहे ती ही नव्हे. परदेशातून बंदूक आणायची वाट सामान्य नागरिकाला १९८० च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. आणि ठासणीची असली तरी बंदूक ती बंदूकच, परवाना लागतोच. जुनी आहे, आजोबांची आहे, माळ्यावर गंजत पडली आहे, ही कारणं चालत नाहीत. शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात पुरातन हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही जी चालूच शकत नाही अशाच हत्याराला. घोडा बदलला की बार निघेल, अशी बंदूक त्या सुटीत बसत नाही.

आता आपली बंदूक. कोकणात आणि गोव्यात बंदूक घडवण्याची विद्या जुनी आहे. १५१० साली आफोन्सो द आल्बुकर्कनं गोवा जिंकलं तेव्हा तिथे बंदुका करणारे कसबी कारागीर होते. त्यांच्या कामाचे नमुने त्यानं तीन वर्षांत पोर्तुगालच्या राजाला कौतुकानं पाठवले. त्या तोड्याच्या बंदुका होत्या, जळती वात लावून उडणाऱ्या. एकोणिसाव्या शतकात टोपीची पद्धत आली. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्यानं १८०७ मध्ये आघातानं पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं आणि त्यातून पुढे तांब्याची टोपी निघाली. गावोगावच्या घरांतली ठासणीची बंदूक आजही त्याच तत्त्वावर चालते.

ती भरताना जवळून बघितली तर तिचा सगळा स्वभाव कळतो. बंदूक उभी धरायची, दस्ता जमिनीवर, नळीचं तोंड चेहऱ्यापासून लांब. मापानं काळी दारू नळीत सोडायची. दस्त्यावर हळूच थाप मारायची म्हणजे दारू तळाशी बसते. मग वर बोळा, काथ्याचा किंवा जाड कागदाचा, आणि तो गजानं ठासायचा. हात कुठे थांबायचा ते अनुभवानं कळतं: गज खाली टेकला की ठण्ण असा बारीक उसळता आवाज येतो. त्यावर मापाचे छरे, वर पुन्हा हलका बोळा म्हणजे छरे सांडत नाहीत. गज काढून बाजूला. जुने राखणदार गजावर खूण करून ठेवत, म्हणजे नळीत भरलेला बार आहे की नाही ते गज घातल्यावर कळतं. सगळ्यात शेवटी, रानाकडे तोंड झाल्यावर, घोडा अर्धा ओढून खालच्या पोलादी बोंडीवर टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी बारीक छिद्रातून आत जाते, आणि पुढे धूर एवढा होतो की काही लागलं की नाही हे क्षणभर दिसतच नाही. हे सगळं चंद्राच्या उजेडात, पावसाळी ओलीत, माळ्यावर बसून करायचं. दुसरा बार भरेपर्यंत डुकरं शेजारच्या कोपऱ्यात गेलेली असतात.

या बंदुकीला कायद्यानं दिलेली जागा मात्र भक्कम आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम म्हणतं की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नागरिकानं ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला तर अधिकाऱ्यानं तो द्यावा. नाकारायचाच असेल तर चौदाव्या कलमातली कारणं लेखी दाखवावी लागतात. ठासणीची पुरेशी नाही अशी खात्री पटली तर वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. या कलमाला इतिहास आहे. व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं होतं. काँग्रेसनं १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्याविरुद्ध ठराव केला आणि तो राग पुढची कित्येक वर्षं धुमसत राहिला. स्वतंत्र देशानं कायदा नव्यानं लिहिताना शेतकऱ्याच्या राखणीची आठवण ठेवली, हे मला त्या कायद्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य वाटतं.

मग १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. मुळात त्यातही शिकारीचे परवाने होते: विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि जिवंत पकडण्याचा परवाना. लहान शिकारीची वेगळी यादी होती आणि ससा त्यात होता. त्या मुलाचा प्रश्न त्या काळी विचारला असता तर परवान्याचा अर्ज करून, हंगाम पाहून, थोडं पुढे जाता आलं असतं. १९९१ च्या दुरुस्तीनं ही परवान्यांची सगळी पद्धतच संपली. २०२२ च्या दुरुस्तीनं याद्या नव्यानं लावल्या, पण ससा, भेकर, साळिंदर, घोरपड, रानकोंबडा हे सगळे संरक्षित आहेत. लहान जनावर म्हणून लहान गुन्हा, असा समज गावात घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या यादीतल्या, म्हणजे पहिल्या अनुसूचीतल्या, प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं. वर बंदूक जप्त, आणि दोषी ठरल्यास न्यायालय शस्त्र परवानाही रद्द करू शकतं. मग पाच वर्षं नवा मिळत नाही. घरात पिकाच्या राखणीची एकुलती बंदूक असताना एका सशापायी ती घालवणं हा मला वेडेपणा वाटतो.

छऱ्याच्या एअरगनचीही हीच गत. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ पर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. दिल्लीत ती दुकानात सहज मिळते. पण परवाना नसण्याचा अर्थ पाखरू मारण्याची मुभा असा होत नाही. हत्यार कुठलंही असो, वन्य प्राणी मारणं ही शिकारच. साधी फासकी लावली तरी तीच कलमं लागतात.

खरा पेच इथे आहे. पहिला कायदा शेतकऱ्याला सांगतो, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक घे. दुसरा सांगतो, पीक खाणाऱ्या जनावरावर ती उडवू नको. पीकसंरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, रानडुक्कर मारण्याचा नाही, आणि हे परवाना देताना कोणी समजावून सांगत नाही. कित्येक शेतकऱ्यांना हे कळतं ते वनखात्याची गाडी दारात आल्यावर. जनावर अंगावर आलं आणि जीव वाचवायला मारावं लागलं तर अकराव्या कलमात संरक्षण आहे, पण ते माणसाच्या जिवापुरतं. उभ्या पिकासाठी लेखी परवानगी लागते, मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय यांच्याबाबत हा अधिकार २०१५ साली वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणला गेला. त्या सुमारास बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलमध्ये माकडं केंद्रानं उपद्रवी ठरवली. २०१६ च्या जूनमध्ये केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्येच त्यावरून जाहीर वाद झाला, त्यात चंद्रपूरच्या रानडुकरांचंही नाव आलं. दिल्लीत तो दोन-चार दिवसांचा वाद होता. कोकणातला शेतकरी दर वर्षी भात पोटरीला आलं की रात्री मांगरात झोपायला जातो, आणि त्याच्यासाठी तो वाद अजून संपलेला नाही.

परवानगी मिळाली तरी मारलेलं जनावर शेतकऱ्याचं होत नाही. ते सरकारची मालमत्ता असतं. पंचनामा, विल्हेवाट, सगळं वनखात्यासमोर. मांसाचा विचार डोक्यात असेल तर तो इथेच सोडून द्यावा.

अभयारण्याजवळ गाव असेल तर आणखी एक कलम, चौतिसावं. अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय नवा शस्त्र परवाना मिळत नाही. राधानगरी, कोयना, चांदोलीच्या आसपासच्या गावांना हे लागू पडतं, आणि डुकरांचा, गव्यांचा त्रास जास्त तिथेच. जंगल राखायचं तर हे कलम हवंच, याबद्दल मला शंका नाही. पण मग त्या गावांना कुंपण आणि भरपाई आधी मिळायला हवी, बाकीच्यांनंतर नव्हे.

हे सगळं ध्यानात घेऊन आता बंदूक निवडायची. हेतू पीकसंरक्षणाचा, म्हणजे बहुतेक वेळा आवाजाचा. रानडुकरांचा कळप, माकडांची टोळी, मोरांचा थवा यांना हुसकावायला छरे लागतच नाहीत. दारूचा मोकळा बार पुरतो, आणि त्यात कुठलं जनावर जखमी होत नाही. गोफणीचा धोंडा, पत्र्याचा डबा, कुत्री आणि अधूनमधून एक बार, अशी आळीपाळी ठेवली तर जनावर सवयीचं होत नाही. नुसत्या बारावर भरवसा ठेवला तर काही दिवसांत डुकरं मान वर करून बघतात आणि परत चरायला लागतात.

बारीक नळीचा मोह इथे कामाचा नाही. भारतात गुळगुळीत नळीचं माप बोअरमध्ये सांगतात: एका पौंड शिशाच्या नळीच्या मापाच्या जेवढ्या गोल गोळ्या होतील तो आकडा. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. १२ बोअर म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर, २० बोअर साडेपंधरा, २८ बोअर चौदा. २८ किंवा त्याहून बारीक नळीत छरे कमी बसतात, आणि थोड्या अंतरावर गेले की त्यांच्यात मोठी पोकळी पडते. लेखी परवानगी घेऊन, वनखात्याच्या सांगण्यावरून डुकरावर बार करायची वेळ आलीच, तर बारीक नळी ही सगळ्यात वाईट निवड. शंभर किलोच्या आसपासच्या सुळेवाल्याला चार-पाच ग्रॅमचं शिसं मारत नाही, जखमी करतं. जखमी डुक्कर दाट बांबूत शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडाला, काजूला गेलेल्या बाईला ते भेटतं. शेतकऱ्याच्या हातात त्या जागी परवान्याची १२ बोअरची काडतुसी बंदूक आणि शेजारी अनुभवी माणूस हवा. नाही तर बार करूच नये.

म्हणून माझा निवाडा असा: ठासणीचीच घ्यायची तर मध्यम मापाची, एकनळी, जाड बुडाची, साधी बंदूक घ्यावी. किमतीवर भाव करण्याआधी नळी बघावी. गज आत सोडून कुठे अडतो का, आत खड्डे आहेत का, बाहेरून पॉलिशखाली गंजाच्या रेषा आहेत का. नळीचं बूड जिथे बंद होतं तो भाग हाताच्या बोटांनी चाचपावा, चीर तिथेच जाते. घोडा अर्ध्या खाचेत बसवून चाप दाबून बघावा. घोडा सुटला तर ती बंदूक घ्यायची नाही, फुकट दिली तरी नाही. टोपीची बोंडी झिजून पसरली असेल तर टोपी सैल बसते आणि स्फोटाचा चुरा डोळ्यात उडतो. बोंडी बदलून मिळते का ते दुकानदाराला विचारावं. दस्त्याला चीर असेल, तारेनं बांधलेला असेल तर दुसरी बंदूक शोधावी. जिम कॉर्बेटच्या हातात लहानपणी आलेली दुनळी ठासणीची बंदूक अशीच होती, एक नळी फाटलेली आणि दस्ता पितळी तारेनं बांधलेला. तो वाचला हे त्याचं नशीब. ते कोणी नियम म्हणून धरू नये.

खरेदी फक्त परवानाधारक दुकानातून. बिहारमधल्या मुंगेरला परवान्याचे बंदूक कारखाने आहेत, आणि तिथलं चांगलं काम देशभर चालतं. दुकानात मिळालेली पावती आणि नळीवरचा क्रमांक परवान्यावर चढलाच पाहिजे. कमी पैशात मिळते म्हणून गावठी घेतली तर ती बंदूक पाण्याच्या पाइपची की खऱ्या नळीची, हे पहिला बार फुटेपर्यंत कळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बंदूक बाळगण्याची किमान शिक्षा दोन वर्षं आहे आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. बेकायदा बंदूक घडवणाऱ्याला किमान सात वर्षं. परवाना आता पाच वर्षांचा मिळतो, आधी तीन होता. अर्जासोबत शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. त्या प्रशिक्षणाला लोक कागदाचं काम समजतात, पण हात शिकण्याची ती एकमेव सरकारी जागा आहे, म्हणून ते मन लावून करावं.

दारूविषयी मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. ठासणीच्या बंदुकीला काळी दारू चालते, फक्त काळी दारू, मापानं. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू काढून ठासायची नाही. तिचा दाब या नळीला पेलत नाही, नळी फाटते आणि डावा हात जातो. फटाके फोडून त्यातली दारू साठवणं त्याहून भयंकर. आवाजाच्या फटाक्यात ॲल्युमिनियमची भुकटी असलेलं मिश्रण असतं, ते जळत नाही, एकदम फुटतं, कधी ठासतानाच. काडेपेटीच्या गुलाचंही तसंच. दिवाळीनंतर कोकणातल्या पोरांनी न फुटलेले फटाके गोळा केले की घरातल्या मोठ्यांनी ते पाण्यात टाकावेत. स्फोटकांचं नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. शेतकऱ्याला मापाची, परवान्याची काळी दारू तालुक्याच्या गावी मिळत नाही म्हणूनच तो फटाक्यांकडे वळतो, हे त्या संस्थेनं आणि जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून सोडवण्यासारखं आहे. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना चालू आहे. देशाला यात तांत्रिक अडचण काहीच नाही.

देखभालीचं एकच: बार उडवला त्याच दिवशी नळी गरम पाण्यानं धुवायची, कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवायचा. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते. कोकणच्या पावसाळ्यात एक रात्र तशीच ठेवली की सकाळी तांबूस थर दिसतो, आणि आतले खड्डे मग कधी भरत नाहीत.

या बंदुकीला आणखी एक ग्रहण असतं, ते निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की सगळी शस्त्रं ठाण्यात जमा करण्याचे आदेश येतात. भात पिकायला आलेलं असो की काजू धरलेला, बंदूक ठाण्यात आणि डुकरं शेतात. २००९ साली मुंबई उच्च न्यायालयानं सरसकट जमा करून घेण्यावर बोट ठेवलं आणि प्रत्येक प्रकरण समितीनं तपासावं असं बजावलं. निवडणूक आयोगानंही तशा सूचना दिल्या. तरी ठाण्यातून फोन येतोच. पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्यानं समितीकडे सवलतीसाठी लेखी अर्ज वेळेत द्यावा, तो हक्क आहे.

शेजारच्या कर्नाटकातल्या कोडगूत याच्या उलट चित्र आहे. तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा या वंशपरंपरागत जमिनीच्या धारकांना ब्रिटिश काळापासून शस्त्र परवान्यातून सूट आहे. केंद्रानं २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी, २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ती ग्राह्य धरली. कोकणासाठी तशी सूट मागावी असं मला वाटत नाही. आपल्याकडे बिनपरवान्याच्या ठासणीच्या बंदुका आधीच खूप आहेत आणि रात्रीच्या शिकारीत माणसं माणसांच्या गोळीला बळी पडली आहेत. मागायचं असेल तर वेगळं मागावं: पीकसंरक्षणाचा परवाना देताना वनखात्याची परवानगी कशी आणि कुठे मिळते, हे त्याच कचेरीत, त्याच कागदावर छापून द्यावं. दोन कायद्यांची गाठ घालायला संसदेची नवी दुरुस्ती लागत नाही. जिल्ह्याच्या दोन अधिकाऱ्यांनी एक परिपत्रक काढलं तरी पुरे.

ज्याला ससा नको आहे, नेम हवा आहे, त्याच्यासाठी वाट उघडी आहे आणि चांगली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स रायफलचं कांस्यपदक आणलं. त्याच तालुक्यात १९५८ पासून अभयारण्य आहे, जिथे पूर्वी कोल्हापूरच्या राजांची शिकार चाले. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, अंजली भागवत, सुमा शिरूर, एवढी मोठी नेमबाजांची परंपरा महाराष्ट्रात आहे. दिल्लीत तुघलकाबादला १९८२ च्या एशियाडसाठी बांधलेली करणी सिंह रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला आहे. .१७७ ची एअर रायफल हातात घेऊन रीतसर शिकणाऱ्या मुलाला पहिल्या महिन्यातच कळतं की दहा मीटरवरचा ठिपका सशापेक्षा कितीतरी अवघड आहे.

मी त्या मुलाला हेच सांगितलं: शिकारीसाठी बंदूक घेऊ नकोस, .३२ नको आणि .३६ही नको. आजोबांची बंदूक परत मिळवायची असेल तर वारस म्हणून अर्ज कर, शस्त्र नियमांत त्याची तरतूद आहे. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी माळ्यावर, कोठारात, बिनपरवान्याची ठासणीची बंदूक पडून असेल, त्यांना विनंती आहे. परवानाधारक गेल्यावर ती घरात ठेवणं शस्त्र कायद्याच्या एकविसाव्या कलमाला धरून नाही. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पोच घ्या, आणि शेत असेल तर त्याच आठवड्यात पीकसंरक्षणाच्या परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत द्या.